अकराशे लिटरचा समुद्र

चाळीस किलो मीठ! घरात समुद्र आणायचा म्हटलं की पहिली खरेदी ही. आणि ते स्वयंपाकघरातलं मीठ चालणार नाही बरं का. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले ३० ग्रॅम म्हणजे आपलं रोजचं मीठ, सोडियम क्लोराइड. उरलेल्या पाच ग्रॅमांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट आणि अशीच आणखी पुष्कळ मंडळी थोडीथोडी असतात. आज ज्या प्राण्यांबद्दल बोलणार आहोत त्यांचं घरदार या पाच ग्रॅमांतूनच उभं राहतं.

हे प्राणी म्हणजे प्रवाळ. गोल्डफिशची काचेची पेटी तुम्ही कुणाकडे तरी पाहिलीच असेल. अमेरिका, जर्मनी, जपान अशा देशांत काही हौशी माणसं याच्या कितीतरी पुढे जातात. ती दिवाणखान्यात प्रवाळांचा अख्खा खडक वाढवतात, त्यात मासे, कोळंब्या, शंख, किडे, सगळं गाव. आपल्याकडे असं का करता येत नाही, ते शेवटी सांगते. तोवर आपण ही पेटी कागदावर उभारू या. पेन्सिल आणि वही घेऊन बसलात तर फार उत्तम, कारण थोडी गणितं आहेत आणि ती गणितं मोठी मजेशीर आहेत.

आपली पेटी आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच. आत पाणी बसेल सुमारे ११३० लिटर. लिटरमागे ३५ ग्रॅम धरून गुणाकार करा, म्हणजे ते चाळीस किलो कुठून आले ते कळेल. आता वजन. पाणी, जाड काच, आतले दगड, खालचा लोखंडी सांगाडा असं सगळं मिळून दीड टनाच्या वर जातं. घराच्या स्लॅबचा हिशोब करताना अभियंते दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. आपली पेटी जेमतेम पावणेदोन-दोन चौरस मीटर जागेवर उभी आहे. म्हणजे त्या जागेवर नेहमीच्या चौपट भार! म्हणून अशी पेटी शक्यतो तळमजल्यावर ठेवतात. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी अभियंत्याला बोलावून तुळया कुठून गेल्या आहेत ते विचारतात.

आता एक कोडं. आतलं पाणी समोरच्या काचेला किती जोराने बाहेर ढकलत असेल? उत्तर आहे सुमारे ४६५ किलो वजनाइतक्या जोराने. पेटी अडीच फुटांऐवजी पाच फूट रुंद केली तर? पाणी दुप्पट झालं, म्हणजे काचेवरचा जोरही दुप्पट झाला असं वाटतं ना? पण तो एका ग्रॅमनेही वाढत नाही. पाण्याचा दाब ठरतो तो फक्त वर किती उंच पाणी आहे यावरून. काचेमागे अडीच फूट पाणी असो की पार आफ्रिकेपर्यंतचा अरबी समुद्र, पाण्याची उंची दोनच फूट असेल तर काचेला सारखाच जोर सोसावा लागतो. उंची मात्र दुप्पट केलीत तर जोर चौपट होतो. म्हणून हौशी लोक पेटी लांबरुंद करतात, उंच करायला धजत नाहीत. उंच पेटीच्या तळाशी हातही पोचत नाही, हा दुसरा त्रास.

पाणी भरायचं ते आरओचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि नायट्रेट, फॉस्फेट प्रवाळांना सोसत नाहीत. पाण्यात क्षार ढवळायचे, तापमान २५-२६ अंशांवर आणायचं, पंप सुरू करायचे. झाला समुद्र?

छे. झालं फक्त खारं पाणी. समुद्रात हजार कामं सतत चाललेली असतात आणि ती करणारे कामकरी या पाण्यात अजून आलेलेच नाहीत. घरातल्या पेटीची सगळी गंमत मला इथेच वाटते. समुद्र जे काम कुणाला न सांगता, न थांबता करत असतो, ते पेटीत कुणाला तरी मुद्दाम करावं लागतं. सूर्य, लाट, भरती, साफसफाई, एकेका कामासाठी काहीतरी योजावं लागतं. तेव्हा कुठे कळतं की समुद्र किती कामं करत होता!

पहिलं काम घाण काढण्याचं. मासे श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. तो माशांना विषारी असतो. समुद्रात त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट करतो. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा बारीक भोकांत तिसरा गट बसलेला असतो. तो नायट्रेटमधून नायट्रोजन वायू मोकळा करतो आणि तो बुडबुड्यांतून हवेत निघून जातो. म्हणजे सगळी मदार सच्छिद्र दगडावर!

हे घरगुती पेटीत पहिल्यांदा ज्यांनी करून दाखवलं त्यांत इंडोनेशियातले एक हौशी गृहस्थ होते, ली चिन एंग. ते जाकार्तात राहत. त्या काळी लोक पेटीत मेलेल्या प्रवाळांचे पांढरे सांगाडे शोभेला ठेवत आणि त्यांवर शेवाळ धरलं की काढून घासून पुसून परत ठेवत. ली चिन एंग यांनी उलट केलं. समुद्रातले दगड त्यांनी अंगावरच्या सगळ्या जिवांसकट, न घासता पेटीत ठेवले. पाणी समुद्राचं, उजेड सूर्याचा आणि हवेचे थोडे बुडबुडे. बस्स! त्यांच्या पेट्यांत समुद्रफुलं आणि प्रवाळही जगले. १९६१ साली त्यांनी एका अमेरिकी मासिकात याबद्दल लिहिलं आणि जगभरच्या हौशींचे डोळे उघडले. अशा दगडांना आजही जिवंत दगड म्हणतात. आता बरेच जण समुद्रातून दगड न आणता कोरडे किंवा कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड घेतात आणि त्यांत जिवाणू वाढू देतात.

पण जिवाणूंना वाढायला वेळ लागतो. साधारण चार ते सहा आठवडे पेटी नुसती चालू ठेवायची. त्यात एकही मासा नसतो. अमोनियाचे काही थेंब घालायचे आणि दर दोन-चार दिवसांनी टेस्ट किटमधल्या रसायनाने रंग बघायचा. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर आले की ओळखायचं, कामकरी कामाला लागले. त्यानंतर सगळी पेटी तपकिरी होते, मग हिरवी होते, कधी लालसर बुळबुळीत होते, कारण वेगवेगळी शेवाळं आणि सूक्ष्मजीव आळीपाळीने हातपाय पसरत असतात. घाबरलेले नवखे याच वेळी पेटी उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच चुकतात. जे थांबतात त्यांच्या दगडांवर काही महिन्यांनी जांभळट-गुलाबी, दगडासारखं कडक शेवाळ चढू लागतं. ते दिसलं की पेटी स्थिरावली.

आता प्रवाळ आणायचे. प्रवाळ दिसतो झुडपासारखा, पण तो झाड नाही. तो प्राण्यांची वसाहत असतो. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा, एक तोंड आणि त्याभोवती इवले इवले हात. दगडाच्या वाटीत बसलेला. या प्राण्याच्या अंगातल्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, आणि किती? एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात! हे शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. काही प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेतला ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा असा घरबसल्या मिळतो. पण पाणी एक-दोन अंशांनी तापून तसंच कित्येक दिवस राहिलं तर हे शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो आणि पुढे उपाशी मरतो. समुद्रात आज जागोजागी हेच चाललं आहे.

उजेड हवा म्हणून पेटीवर एलईडी दिवे, आणि तेही निळे. समुद्रात खाली जाऊ लागलं की लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, निळा मात्र खोलवर पोचतो. म्हणून प्रवाळातल्या शैवालाला निळ्याची सवय. या निळ्या उजेडात कितीतरी प्रवाळ हिरवे, नारिंगी, लाल चमकू लागतात, कारण त्यांच्या अंगातली खास प्रथिनं निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देतात. यावरून एक खरी घडलेली हकीकत सांगते. एका जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन शास्त्रज्ञांना १९६२ पासून माहीत होतं. ते पेशीतल्या एखाद्या भागाला जोडलं की तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो आणि जिवंत पेशीत काय चाललंय ते दिसतं. या कामाला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण नुसता हिरवा रंग पुरेना. एकाच वेळी दोन गोष्टी बघायच्या तर लालही हवा. तो मिळाला १९९९ मध्ये मॉस्कोत! तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मिखाईल मात्झ, सर्गेई लुक्यानोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लाल प्रथिन सापडलं ते मत्स्यपेटीत वाढणाऱ्या, छत्रीसारख्या दिसणाऱ्या डिस्कोसोमा नावाच्या प्रवाळाच्या जातभाईत. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी लाल चमकवतात त्यांतली कितीतरी प्रथिनं त्याच घराण्यातली.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. चुना!

शाळेत तुम्ही चुन्याच्या निवळीचा प्रयोग केला असेल किंवा लवकरच कराल. स्वच्छ, पारदर्शक निवळीत नळीने फुंकायचं. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि पाणी दुधाळ होतं. ते दुधाळ कण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपला, शंख आणि अंड्याचं टरफल ज्याचे बनतात तेच. कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत. प्रवाळाचा दगडी सांगाडाही याचाच. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून तो प्राणी आपल्या पायाखाली दगड रचत जातो, रोज थोडा थोडा. पुढे त्याचेच शेकडो किलोमीटर लांब खडक होतात.

समुद्र अफाट आहे. कितीही उचललं तरी त्याला कमी पडत नाही. आपल्या ११३० लिटरच्या पेटीत मात्र कमी पडतं. प्रवाळांनी भरलेल्या अशा पेटीत दिवसाला वीसेक ग्रॅम दगड सहज तयार होऊ शकतो. एवढं कॅल्शियम आणि एवढं कार्बोनेट पाण्यातून रोज नाहीसं होतं. भरपाई केली नाही तर काही दिवसांतच प्रवाळांची वाढ थांबते आणि मग ते मरू लागतात.

आता पेटीतलं पाणी बघा. रोज आठ-दहा लिटर पाणी वाफ होऊन उडतं. मीठ मात्र उडत नाही, ते आतच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी घालायचं, खारं घातलं तर पेटी दिवसेंदिवस जास्तच खारट होत जाईल. पीटर विल्केन्स या जर्मन मत्स्यपालकाने १९७० च्या दशकात एक सुरेख युक्ती रूढ केली. रोज गोडं पाणी घालायचंच आहे ना? मग त्याऐवजी चुन्याची निवळी घाला! एका लिटर पाण्यात चुना फक्त दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, बाकीचा तळाला बसतो. दहा लिटर निवळीत पंधरा-सतरा ग्रॅम चुना आला. त्यातलं कॅल्शियम प्रवाळाला मिळतं आणि चुना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो, त्यातून कार्बोनेटही मिळतं. रसायनशास्त्राने हिशोब केला तर दहा लिटर निवळीतून किती दगड बनतो? वीस ग्रॅमच्या आसपास! जेवढं पाणी उडालं तेवढ्याच निवळीतून त्या दिवसाचा सगळा दगड भागला. हे गणित पहिल्यांदा वहीवर सुटलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते पुन्हा एकदा सोडवून पाहिलं.

निवळी थेंबथेंब घालतात, तीही बहुतेक वेळा रात्री. दिवसा शैवाल कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं. रात्री ते थांबतं, पाण्यात तो वायू साठतो आणि पाणी किंचित आम्लाकडे झुकतं. चुना त्याला परत सावरतो. एकदम ओतली तर मात्र अनर्थ, कारण निवळी फार तीव्र असते. डोळ्यांत गेली तर इजा होते, म्हणून शाळेतला प्रयोगही शिक्षक समोर असतानाच करायचा आणि नळीतून पाणी चुकूनही वर ओढायचं नाही.

पेटीखाली कपाट असतं आणि कपाटात आणखी एक छोटी पेटी दडवलेली असते. वरचं पाणी तिथे उतरतं, साफ होतं आणि पंपाने परत वर चढतं. तिथलं मुख्य यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर, फेस काढणारा. त्यात लाखो बारीक बुडबुडे सोडतात. माशांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, विष्ठेतले आणि खाण्यातले प्रथिनांचे अंश बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि डाळ शिजताना आई जसा वरचा फेस पळीने काढून टाकते, तसा तो फेस एका भांड्यात गोळा होतो. भांड्यात जमणारं तपकिरी पाणी इतकं घाण वासाचं असतं की ते रिकामं करायला घरात कुणीही पुढे येत नाही! पावसाळ्यात किनाऱ्यावर लाटांबरोबर पांढरा-पिवळट फेस येतो ना, तोही असाच होतो. लाटा पाणी घुसळतात आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ फेसाबरोबर वर येतात.

लाटांसाठी वेगळे पंप असतात. प्रवाळ जागचा हलत नाही, म्हणून पाण्यानेच त्याच्याकडे यावं लागतं, खाणं आणावं लागतं, घाण वाहून न्यावी लागते. आपल्या पेटीत तासाला वीस हजार लिटरहून जास्त पाणी इकडून तिकडे फिरवावं लागतं. वीज गेली की हे सगळं एका क्षणात थांबतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपू लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एक तरी पंप तयार ठेवावाच लागतो.

आता पेटीतली मंडळी. क्लाउनफिश म्हणजे निमो तुम्हाला ठाऊक आहेच. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी असतो. ती मेली तर तिचा जोडीदार नर मादी होतो आणि पुढचा मासा त्याची जागा घेतो. सिनेमात हे दाखवलेलं नाही!

माझी खास आवड मात्र वाळूत राहणारी जोडी. गोबी नावाचा बोटभर मासा आणि पिस्तूल कोळंबी. कोळंबीला नीट दिसत नाही, पण बीळ खोदण्यात ती पटाईत. दिवसभर नांग्यांनी वाळू आणि खडे बाहेर लोटत असते. गोबीला बीळ खोदता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. तो बिळाच्या तोंडाशी बसून पहारा देतो. कोळंबी वाळू टाकायला बाहेर आली की तिची एक लांब मिशी गोबीच्या अंगाला सतत टेकलेली असते. जवळ मोठा मासा आला की गोबी शेपूट थरथरवतो. मिशीला ते कळतं आणि ती झटक्यात आत शिरते. धोका फारच जवळ आला तर तिच्यामागून गोबीही डोकं खाली करून बिळात. या कोळंबीची एक नांगी मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक पोकळ बुडबुडा तयार होतो आणि लगेच फुटतो. त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज होतो आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा एक कणही उमटतो. आवाज काचेबाहेर खोलीत ऐकू येतो. नवख्या माणसाला वाटतं काचच तडकली!

दगडांबरोबर बिनबोलावलेले पाहुणेही येतात. इंग्लंडमधल्या न्यूकी गावच्या ब्लू रीफ मत्स्यालयात एका पेटीतले प्रवाळ कुणीतरी रात्री कुरतडत होतं. सापळे लावले तर तेही मोडलेले. शेवटी २००९ मध्ये पेटीतले दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा एक समुद्री किडा सापडला! दगडातून पिल्लू म्हणून आला असावा आणि आतच वाढला. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं बॅरी.

शांत दिसणारे प्रवाळही काही कमी नाहीत. रात्री दिवे मालवले की काही जातींचे लांब, डंख मारणारे हात बाहेर येतात आणि वीतभर अंतरावरच्या शेजाऱ्याला भाजून काढतात. म्हणून दोन प्रवाळांमध्ये मोकळी जागा ठेवावी लागते.

प्रवाळ वाढला की त्याची फांदी कापून दुसऱ्या दगडावर चिकटवतात. कशाने? फेविक्विकच्याच जातीच्या गोंदाने. तो पाण्यात टिकतो आणि काही आठवड्यांत प्रवाळ त्याच्यावरून पसरून दगड धरतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन हे शास्त्रज्ञ टाकीतला एक प्रवाळ हलवत होते. तो तळाला चिकटलेला होता, ओढताना मोडला आणि इवलासा तुकडा मागे राहिला. तो मरेल असं त्यांना वाटलं. काही आठवड्यांनी पाहतात तर तो तुकडा नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने पसरलेला! जखम भरून काढण्याच्या घाईत प्रवाळ भराभर वाढतो, हे त्यातून कळलं. आता मुद्दाम नखाएवढे तुकडे करून ते वाढवतात आणि समुद्रातल्या उजाड खडकांवर नेऊन लावतात.

एक काम उरलं. चंद्राचं! समुद्रात एकाच जातीचे प्रवाळ वर्षातल्या ठरावीक दिवसांत, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, सगळे मिळून एकदम बीजांडं सोडतात. गुलाबी मोत्यांसारखे लाखो गोळे वर तरंगू लागतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. हे पेटीत घडवायचं तर प्रवाळाला पौर्णिमा कशी कळणार? लंडनमधल्या हॉर्निमन संग्रहालयाच्या मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज यांनी ते करून दाखवलं. प्रवाळ मूळचे जिथले, तिथलं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, सूर्याचा उजेड आणि चंद्राच्या कला, सगळं त्यांनी संगणकाला शिकवलं. छोटा एलईडी चंद्र कलेकलेने वाढायचा आणि कमी व्हायचा. लंडनच्या ढगाळ आकाशाखाली, समुद्रापासून दूर, एका इमारतीत प्रवाळांनी आपली वेळ साधून बीजांडं सोडली. २०१७ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यांच्याच मदतीने फ्लोरिडा ॲक्वेरियमने २०१९ मध्ये खांबासारख्या वाढणाऱ्या दुर्मीळ प्रवाळाची बीजांडं टाकीत मिळवली. फ्लोरिडाच्या समुद्रात हा प्रवाळ आजाराने जवळजवळ संपत आला होता.

आता आपल्याकडची गोष्ट. दगडी सांगाड्याचे सगळे प्रवाळ आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. समुद्रातून प्रवाळ काढणं, विकणं किंवा मेलेला सांगाडा शोकेससाठी आणणं, सगळं गुन्हा आहे. मला हा कायदा अगदी योग्य वाटतो. आठ फुटांच्या पेटीमागे किती राबावं लागतं ते तुम्ही पाहिलंत. हौस संपली की पेटी विकता येते, पण समुद्रातून उचललेला प्रवाळ परत जागेवर रुजत नाही.

आणि तुम्हाला प्रवाळ बघायला घरात पेटी कशाला हवी? मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जिवंत प्रवाळ आहेत. मुंबईतही आहेत! सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दुसरीकडे हलवले होते. शिवाय मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर झोअँथिड नावाचे, प्रवाळांचे मऊ चुलत भाऊ चटईसारखे पसरलेले असतात. परदेशातले हौशी ज्यांच्या एकेका रंगासाठी भरपूर पैसे मोजतात, त्यांच्याच जातकुळीतले हे प्राणी.

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत समुद्र सगळ्यात जास्त मागे जातो. मुंबईत तेव्हा ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, घट्ट तळव्याचे बूट घालून जा. खडकांतल्या खळग्यांशी उकिडवे बसा आणि पाच मिनिटं हलू नका, मग मासे, खेकडे, शंख आपोआप बाहेर येतील. उलटवलेला दगड होता तसा ठेवा. झोअँथिडना मात्र हात लावू नका. त्यांच्यातल्या काहींत अतिशय जहाल विष असतं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये एका घरी पेटीतला असा प्रवाळ बाहेर काढून साफ करताना सगळ्या कुटुंबाला रुग्णालयात न्यावं लागलं होतं. पाणी परत चढायला लागलं की लगेच निघा, उधाणाची भरती फार भराभर येते. आणि काय काय दिसलं ते मला चित्र काढून नक्की कळवा.